सलोमीच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं

माझी गाठ मोठी होती, सलोमीची लहान. माझी काखेपर्यंत पोचली होती, तिची जागच्या जागी होती. दोघींचे रिपोर्ट कुणीही शेजारीशेजारी ठेवले असते तर म्हणालं असतं, धाकटी वाचेल, थोरलीचं अवघड आहे. आज थोरली हे लिहिते आहे आणि धाकटी आष्टीच्या कबरस्थानात आहे.

ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते. ज्या घरांत गोळ्यांच्या डब्याशेजारी प्रार्थनेच्या तेलाची बाटलीही असते, त्या घरांसाठी जास्त. औषधांची नावं, डोस, तपासण्या यात सापडणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारा, आणि ते सांगतील तसं शेवटपर्यंत करा. बाकी जे घडलं ते सांगते.

आम्ही दोघी

आमचे वडील आष्टी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं. त्याआधी गावानं आम्हाला विहिरीवर चढू दिलं नव्हतं. पत्र्याचं छप्पर असलेल्या छोट्या चर्चमध्ये आम्ही दोघी वाढलो. मी अभ्यासात पुढे, म्हणून पुण्याला ईश्वरविज्ञान शिकायला गेले आणि तिथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले. हिब्रू भाषा आणि स्तोत्रं हा माझा विषय. लग्न केलं नाही. सलोमी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ती आष्टीतच राहिली, अंगणवाडी सेविका झाली. तिचा नवरा सुधीर ट्रक चालवतो. त्यांना एकच मुलगी, प्रीती.

सुट्टीत घरी गेले की सलोमी मला काहीबाही विचारायची. पाऊस पाडणारा देव दुष्काळ कावून पाडतो, असलं. मी हसून विषय बदलायचे. कॉलेजात जे शिकवतो ते गावाकडे बोलायचं नाही, असं आम्हा शिक्षकांत न बोलताच ठरलेलं होतं. साध्या माणसांचा विश्वास डळमळेल, असं आम्ही म्हणायचो. माझ्यापुरतं खरं सांगायचं तर त्यात आळस होता आणि थोडा मोठेपणाही होता.

तो दिवस

आंघोळ करताना गाठ हाताला लागली तेव्हा पेपर तपासायचे बाकी होते. ते संपेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर तरुण बाई होत्या. रिपोर्ट वाचून त्यांनी तो उलटा ठेवला आणि खुर्ची टेबलाच्या या बाजूला ओढून घेतली. मला तेव्हाच कळलं.

"घरात आणखी कुणाला झालं होतं?"

"आजी छातीच्या गाठीनं गेली असं म्हणतात."

"बहीण आहे?"

"आहे."

"तिला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा."

बाहेर येऊन मी पहिला फोन सलोमीला केला. आधी ती रडली. मग तिच्या तपासणीचं काढल्यावर म्हणाली, "मला काय हुतंय? म्हशीवानी धडधाकट हाय मी." मी तिला प्रीतीची शपथ घातली, तेव्हा ती नगरला गेली. पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला.

"अक्का, मला पण हाय. पण लई बारीक हाय म्हणतेत. तुझ्यामुळं लवकर सापडली बघ."

त्या दिवशी मी गुडघे टेकून देवाचे आभार मानले. माझ्या आजारामुळं माझी बहीण वाचली, असं मी मोठ्यानं म्हटलं. ती प्रार्थना आठवली की आजही मला बसल्या जागी कानकोंडं व्हायला होतं.

माय कुठे राहणार

दोघींचा उपचार दहा दिवसांच्या अंतरानं सुरू झाला. माझा पुण्यात, तिचा नगरला. आई एकच. आम्ही तिला माय म्हणतो.

माय म्हणाली, "सलोमीला नवरा हाय, लेक हाय. करुणाला कोण हाय?" आणि बाजरीच्या पिठाची पिशवी घेऊन पुण्याला आली. सलोमीनंच तिला गाडीत बसवून दिलं. पुढं ज्या ज्या गोष्टींसाठी मायनं स्वतःला दोष दिला, त्यात ही पहिली होती.

दर तीन आठवड्यांनी आम्ही सकाळी दवाखान्यात जायचो. नंबर घ्यायचा, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, मग आतल्या खुर्चीत सलाईन लावून पडायचं. माय बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. आत मला ओकारी यायची ती वासानंच. तिथं साफसफाई करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी एकदा मोसंबीची साल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "हुंगत राहा बाई. मन तिकडं जातं." पुढच्या वेळेपासून माय घरूनच साली घेऊन यायची आणि आत बसलेल्या सगळ्या बायकांना वाटायची.

प्रार्थना मात्र मला जमेना. शब्द यायचे, पण कोरडे. मग एके दिवशी खुर्चीत पडल्या पडल्या माझंच शिकवणं मला आठवलं. देवाकडे तक्रार करणं, त्याच्यावर ओरडणं, कुठं गेला होतास म्हणून जाब विचारणं, हीसुद्धा प्रार्थनाच असते. जुन्या स्तोत्रांत ती पानोपानी आहे. वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आले होते. त्या दिवशी मी डोळे मिटून मनात एवढंच म्हटलं, मला हे पटत नाही, तू मला उत्तर देणं लागतोस. छातीवरचा दगड जरा हलला. पुढचे चार महिने मी याच एका प्रार्थनेवर काढले.

आणि ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. सलोमीलासुद्धा नाही.

फोन

माझ्या तिसऱ्या डोसनंतरचा तिसरा दिवस होता. तो दिवस सगळ्यात वाईट असतो. दुपारी सलोमीचा फोन आला. तिचे दोन डोस झाले होते, तिसरा पुढच्या आठवड्यात होता.

"अक्का, झोपलीस का?"

"पडलेय नुसती."

"एक इचारू? ती बारा वर्षं आजारी बाई होती बघ, गर्दीत मागून येऊन प्रभूच्या कपड्याला शिवली ती. सगळ्या वैद्यांकडं जाऊन आली, गुण आला न्हाई. मग शिवली आन् बरी झाली. म्हंजी तिचा विश्वास लई मोठा हुता. मग माझा कमी पडतोय का?"

हा उतारा मी कितीदा शिकवला आहे याची गणती नाही. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पण तोंडात लोखंडाची चव होती, डोकं भणभणत होतं. मी म्हणाले, "सलोमी, त्या उताऱ्याचा संदर्भ वेगळा आहे गं. त्या काळातले शुद्ध-अशुद्धतेचे नियम आधी समजून घ्यावे लागतात. असं फोनवर नाही सांगता येणार. मला बरं वाटलं की निवांत बोलू."

ती म्हणाली, "बरं. तू जेवलीस का?"

"नाही."

"माझ्यासाठी दोन घास खा," म्हणाली आणि फोन ठेवला.

ते निवांत बोलणं आम्ही सात महिन्यांनी केलं.

मांजरसुंब्याला काय झालं

हे मला नंतर प्रीतीकडून कळलं. सलोमीच्या ओळखीची एक बाई तिला जीपमधून मांजरसुंब्याला घेऊन गेली. चौफुलीपासून जरा आत, ढाब्यांच्या मागे एक हॉल भाड्यानं घेऊन तिथं आरोग्य-प्रार्थना चालली होती. उपदेशक बाहेरगावचा होता. त्यानं सलोमीला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरी झालीस. आता औषध घेशील तर देवाला खोटं ठरवशील.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलोमीनं रडत रडत माइकवर साक्ष दिली.

माझी बहीण मूर्ख नव्हती, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. लसीला घाबरणाऱ्या आयांच्या घरी जाऊन, त्यांच्या दारात तासतास बसून, त्यांना समजावून तिनं कितीतरी पोरांना लस टोचून घेतली होती. पण ती घाबरलेली होती. ज्या माणसानं तिच्या प्रश्नाला उत्तर दिलं, त्याचं तिनं ऐकलं. आणि त्याचं उत्तर खरं वाटावं असंच घडलं. केमो थांबली की माणसाला बरं वाटतंच. तिला भूक लागायला लागली, झोप यायला लागली, ती अंगणवाडीत परत जाऊ लागली. सुधीरला तिनं सांगितलं, डॉक्टरांनीच औषध बंद केलंय. सुधीर महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो, त्यानं मानलं. प्रीतीला सगळं ठाऊक होतं, पण आईनं तिला शपथ घातली होती.

मी फोनवर विचारायचे, "कसं वाटतंय?"

ती म्हणायची, "लई बरं वाटतंय, अक्का." ते खोटं नव्हतं.

केस

माझं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं. नाताळच्या आधी मी आणि माय आष्टीला गेलो. सलोमी फाटक उघडायला आली ती कमरेवर हात ठेवून.

"काय झालं कमरेला?"

"भरलीय. थंडीनं."

मी तिच्या डोक्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यावर अजून नुसती लव होती. तिचे केस कानाखाली आले होते. दोघींची औषधं दहा दिवसांच्या अंतरानं सुरू झालेली.

"किती डोस घेतलेस?"

तिनं पदर डोक्यावर ओढला. मागे प्रीती दारात उभी होती, ती रडायला लागली.

"सलोमी, किती?"

"दोन."

माय पिशवी घेऊन फाटकातच उभी होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि तिथंच पायरीवर बसली.  नाताळचा तारा लावायला आणलेला बांबू अंगणात आडवा पडला होता.

चार दिवसांनी नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडांत पसरलंय. आता दुखणं कमी करता येईल, तेवढं करू. सुधीरनं एवढंच विचारलं, "आधी आलो असतो तर?" डॉक्टरांनी रिपोर्ट पाकिटात भरले. त्यांना ते सांगायचं नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

चार मिनिटं

मी कॉलेजातून रजा घेतली आणि आष्टीलाच राहिले. सकाळी ओट्यावर ऊन यायचं तेव्हा सलोमीची खाट बाहेर काढायचो. एका सकाळी ती म्हणाली, "तू सांगणार हुतीस त्या बाईचं."

मग मी सांगितलं. म्हटलं, "सलोमी, त्या रक्त जायच्या आजारामुळं त्या बाईला बारा वर्षं कुणी शिवत नव्हतं. ती शिवली तर समोरचा विटाळायचा. आपल्या आजोबांना गावात कुणी शिवत नव्हतं ना, तसं."

"आज्यासारखं?"

"तसंच. म्हणून ती मागून आली, चोरून शिवली. बरी झाली. तेवढ्यावर ती गर्दीत निघून जाऊ शकली असती. पण प्रभू थांबला. त्यानं तिला सगळ्यांपुढं बोलावलं आणि मुलगी म्हटलं. ती गोष्ट तिला माणसांत परत आणल्याची आहे. कुणाचा विश्वास किती मापं भरला, याची नाही. त्या गर्दीत आणखी कितीतरी आजारी असतील. ते बरे झाले नाहीत म्हणून प्रभूनं कुणाला रागावल्याचं तिथं लिहिलेलं नाही."

ती पत्र्याकडे बघत होती. "आन् औषधाचं?"

"प्रभूला सैतानानं मंदिराच्या टोकावर नेलं ते आठवतं? म्हणाला, मार उडी, देव झेलतो की नाही ते बघू. प्रभूनं मारली नाही. देवाची अशी परीक्षा घ्यायची नसते. औषध टाकून देऊन देव बरं करतो का बघणं, ही तीच उडी आहे. त्याला विश्वास म्हणत नाहीत."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले. सलोमीनं मान वळवली.

"म्हंजी मी उडी मारली."

"तू नाही मारलीस. तुला ढकललं."

 मग तिनं विचारलं, "हे तू कॉलेजात शिकवतीस?"

"हो."

"किती वर्षं झाली?"

"वीस."

"मग हितं कावून न्हाई सांगितलंस, अक्का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. मी तिचा हात धरून रडले. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या लव आलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

हे सगळं सांगायला चार मिनिटं लागली होती. फोनवरही चारच लागली असती.

शेवटचे महिने

तिला मी विलापाच्या स्तोत्रांबद्दलही सांगितलं, माझ्या खुर्चीतल्या प्रार्थनेबद्दलही. देवावर ओरडलं तर चालतं, हे ऐकून तिला नवल वाटलं. "पाप न्हाई?" "नाही. ज्याच्याशी नातं असतं त्याच्याशीच माणूस भांडतं." त्यानंतर ती भांडली. दुखायला लागलं की मोठ्यानं म्हणायची, माझी लेक अजून शिकतीया, तुला दिसत न्हाई का? शेजारच्या बायका आधी दचकल्या. मग त्यातली एक तिच्या खाटेशी येऊन बसली आणि सलोमीबरोबर तीही आपल्या मेलेल्या मुलासाठी देवाशी भांडली. तो मुलगा जाऊन अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली, असं मायनं मला सांगितलं.

त्या दिवसांत सलोमी मला कधीकधी हसवायची. माझं डोकं बघून म्हणायची, "माझे केस तुला लावता आले असते तर बरं झालं असतं." औषधानं गुंगी यायची तेव्हा ती अंगणवाडीतल्या पोरांची नावं घ्यायची, हजेरी घेतल्यासारखी.

चैत्रातल्या एका दुपारी ती गेली. मायचा हात तिच्या कपाळावर होता. सुधीर गाडी सोडून आठ दिवस घरीच होता. शेवटी ती कुणाशी भांडली नाही, काही बोललीही नाही. तिला शांती मिळाली असं मी लिहू शकत नाही. तिचं दुखणं थांबलं, एवढं मला ठाऊक आहे.

मातीला बरेच लोक आले. मांजरसुंब्याला घेऊन जाणारी ती बाईही आली. हळहळत म्हणाली, "शेवटी विश्वास डगमगला बिचारीचा. दवाखान्यात गेली ना परत."

आमची माय कधी चारचौघांत बोललेली नाही. ती वळली आणि म्हणाली, "माझ्या लेकीचा विश्वास तुमी मोजला? कशानं मोजला?"

ती बाई दोन पावलं मागे सरकली. तिनंही ते सगळं प्रेमानंच केलं होतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. म्हणून मला कुणावर धड रागावताही आलं नाही.

त्यानंतर

माझ्या तपासण्या आतापर्यंत ठीक आल्या आहेत. पहिली आली तेव्हा मी मायला फोन केला. ती म्हणाली, "एकीचं तरी ऐकलं त्यानं." मी पूर्वीची कॉलेजातली बाई असते तर तिला सांगितलं असतं की देव असं निवडत नाही. मी म्हटलं, "माय, दोघींचंही ऐकलं असेल. मग असं का झालं, मला माहीत नाही." ती म्हणाली, "मग तसंच म्हनावं माणसानं. माहीत न्हाई म्हनावं."

महिन्यातून दोन रविवारी मी आता आष्टीला जाते. उपासना झाल्यावर चर्चमध्येच सतरंजीवर बसतो. बायका जास्त, पुरुष थोडे. कुणीही काहीही विचारायचं. मला येतं ते मी त्यांच्या बोलीत सांगते, येत नाही ते येत नाही म्हणते. कुणाच्या मुलीला फिट येतात, तर भूत म्हणायचं का. नवरा मारतो, तर क्षमा म्हणजे मार खात राहणं का. हे प्रश्न माझ्या वर्गात कधी आले नव्हते. आम्ही पुस्तकांत ज्यावर वर्षानुवर्षं वाद घातले, त्यावर इथं माणसांचं औषधपाणी आणि जगणं अवलंबून होतं. काही बायका आता मला आधी फोन करतात, मग गोळ्यांबद्दल ठरवतात. मी प्रत्येक फोन घेते. तापात असले तरी घेते.

प्रीती मात्र आई गेल्यापासून चर्चमध्ये आली नव्हती. तिचीही तपासणी करून घ्यायला हवी, हे मी दोनदा काढलं. दोन्ही वेळा ती उठून गेली.

मागच्या महिन्यात आम्ही बसलो होतो तेव्हा ती दारात आली. आत आली नाही. चपला पायातच, चौकटीला टेकून उभी राहिली. मी बोलायची थांबले.

"मावशी, मम्मीचं काय चुकलं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

"काही नाही," मी म्हणाले. "तिला भीती वाटली आणि तिनं विचारलं. त्यात काही चूक नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देतात ती देवानं काय दिलं याची. मी उभी राहिले. म्हटलं, "तिनं एका दुपारी मला फोन केला होता. जे विचारलं त्याचं उत्तर मला येत होतं. मी आजारी होते, हे खरं आहे. पण त्याआधी वीस वर्षं मी आजारी नव्हते. या पत्र्याखाली दरवर्षी येत होते, आणि मला जे येतं ते तुम्हाला झेपणार नाही असं समजून गप्प बसत होते. माझं चुकलं."

 माय भिंतीला टेकून बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, प्रीती आता निघून जाईल.

तिनं चपला काढल्या. बायकांच्या मधून वाट काढत ती पुढे आली आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसली.

"मग आता सांग," ती म्हणाली. "मम्मीला जे जे सांगितलंस ते सगळं सांग. आन् त्या तपासणीचं पण."